पाच पोती भगर

माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या अख्ख्या मोंढ्याला, म्हणजे घाऊक बाजाराला, माहीत आहे. आज चहा मागायचा की नाही, हे हमाल लोक लांबूनच माझा चेहरा बघून ठरवतात. ते सगळं ठीक आहे. पण गेल्या शिवरात्रीला मी ज्या माणसावर ओरडले, त्याच्यासमोर मला अजून धड उभं राहवत नाही. म्हणून हे एकदाचं सांगून टाकते.

आमचं लातुरात घाऊक किराण्याचं दुकान आहे. सासरे उमाशंकर, त्यांना सगळा बाजार आप्पा म्हणतो. नवरा शिवप्रसाद. आणि मी मंजुषा, उदगीरची लेक, नांदेडच्या विद्यापीठातून संख्याशास्त्र शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा आप्पांनी मला दुकानाच्या कॉम्प्युटरवर बसवलं ते बिलं करायला. बिलं करता करता मी जाळं करायला लागले.

जाळं म्हणजे फार काही अवघड नाही. प्रत्येक दुकान एक टिपका. आमच्याकडून माल कुणाकडं गेला, की त्या दोन टिपक्यांत एक रेघ. माल जास्त, तर रेघ जाड. त्या दुकानदारानं पुढं कुणाला दिला, तर आणखी एक रेघ. चार वर्षांचा माल असा मांडला की लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्हे पडद्यावर पसरतात, आणि कोण अडला तर कोण कोण अडतं ते लख्ख दिसतं. उदगीरचा एक टेम्पो बंद पडला तर कोणत्या अकरा गावांत साखर संपेल, हे मी खुर्चीत बसून सांगते.

आप्पा त्याला 'सूनबाईची रांगोळी' म्हणायचे. "धंदा माणसं वळखून करायचा असतोय, टिपके मोजून न्हाई," असं प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे, आणि तेही मी चहा घेऊन आले की मुद्दाम मोठ्यानं. मीही काही कमी नव्हते. मी एक नियम केला होता, बिल नाही तर रेघ नाही. तोंडी दिलं, ओळखीत दिलं, हातानं उचलून दिलं, असलं काही माझ्या जाळ्यात घ्यायचं नाही. लई घमेंड होती मला त्या नियमाची.

शिवरात्रीच्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. हिमायतनगरचा सुदर्शन होता, तिथला आमचा दुकानदार. एरवी हा गडी फोनवर आधी दोन विनोद सांगणार, मग माल मागणार. त्या दिवशी आवाज पार उतरलेला.

"वैनी, भगर कोणती पाठवली हो तुम्ही? सकाळी आठला फराळ केलेली माणसं उलट्या करून राहिली. चक्कर येऊन राहिली, हातपाय कापून राहिले. दोन गल्ल्यांतली बावीस माणसं सरकारी दवाखान्यात नेली. लेकरं हायत त्यात."

"पोत्यावरचा नंबर वाच."

"सतरा."

सतरा नंबर म्हणजे जानेवारीत आलेली चाळीस पोती, प्रत्येकी तीस किलोची. वाटेत कुठंतरी ओल लागली असणार. ओल लागलेली भगर वरून पांढरीशुभ्र दिसते आणि आतून बुरशी धरते. डोळ्यांना कळत नाही, वासालाही पटकन कळत नाही. आणि शिवरात्रीला आमच्या भागात घराघरांत पातेलं चढणार ते भगरीचंच. काही लोक सकाळी फराळ करतात, पण देवळांतल्या पंगती बसतात अभिषेक झाल्यावर, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला. 

"अहो, गाडी काढा!" मी ओरडले. शिवप्रसादांना नांदेडला पिटाळलं, जिथं पोतं दिसेल तिथून उचलून आणायला. सरकारी कार्यालयात फोन केला. सुट्टी होती, तरी एका साहेबांनी उचलला आणि सगळीकडं कळवतो म्हणाले. मग मी जाळं उघडलं.

सतरा नंबरची भगर साठच्या वर दुकानांत गेली होती. एकेकाला फोन करत बसले असते तर तिथंच तीन वाजले असते. पण जाळ्यात दिसत होतं की सगळा माल आमच्याकडून चारच मोठ्या टिपक्यांकडं गेला आहे, नांदेड, उदगीर, अहमदपूर आणि मुखेड, आणि तिथून खाली पसरला आहे. मी चार फोन केले. प्रत्येकाला त्याच्या खालच्या दुकानांची यादी धाडली आणि सांगितलं, "समोरच्यानं 'भगर बाजूला काढली' असं म्हटल्याबिगर फोन ठेवायचा न्हाई. विकली असंल तर कुणाला विकली ते इचारा आणि त्याच्या घरी माणूस पाठवा."

पडद्यावर ते सगळे टिपके लाल केले होते. एकेक निरोप आला की मी तो हिरवा करत गेले. किनवटला एका वसतिगृहात पातेलं चुलीवर चढलं होतं, ते उतरवलं. मुखेडात एका बाईनं भगर धुवून निथळत ठेवली होती, ती उकिरड्यावर गेली. अहमदपूरच्या दुकानदारानं तर देवळाच्या भोंग्यावरून नंबर पुकारला. एरवी या माणसाशी माझं रोज भांडण होतं, त्या दिवशी मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

साडेबारा वाजता पडद्यावर एकही लाल टिपका उरला नव्हता. मी पोती मोजली. पस्तीस.

पुन्हा मोजली. पस्तीसच. आली होती चाळीस. बिलं पस्तीसांची. म्हणजे पाच पोती आमच्याच गोदामात पाहिजेत. मी अनवाणीच मागं पळाले.

गोदाम मलप्पांच्या हातात आहे. तीस वर्षं झाली, माझ्या लग्नाच्या आधीपासून. पिकअपही तेच चालवतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं अगदी मोजकं. मी त्यांना मामा म्हणते, ते मला अक्का म्हणतात.

"मामा, सतराची पाच पोती कुठं हायत?"

ते साबुदाण्याच्या थप्पीकडं बघत उभे राहिले.

"मामा, मी काय इचारायले? ती भगर खराब हाय. हिमायतनगरात माणसं दवाखान्यात पडलीत. पाच पोती कुठं गेली?"

"हितं न्हाईत, अक्का."

"ते मलाबी दिसायलंय. गेली कुठं?"

"मला इचारू नका."

झालं. माझं डोकं फिरलं. मागच्या दारानं पोती विकणारे गोदामवाले मी मोंढ्यात पाहिले आहेत, आणि पाच पोती मुकाट्यानं नाहीशी होतात म्हणजे दुसरं काय? मी त्या वयस्क माणसाला अरे-तुरे केलं. "चोरी केलीस ना? इकलीस ना बाहेर? तीस वर्सं ह्या घराचं खाल्लंस आणि शेवटी हे केलंस? आता तरी सांग कुणाला इकलीस. माणसं मरतील रे, लाज वाटू दे!" पुढचं तर मला लिहवतही नाही. शेजारच्या दुकानाचे हमाल येऊन दारात उभे राहिले होते. त्यांच्यासमोर मी हे सगळं बोलले.

मलप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान खाली गेली नाही. "मी चोर न्हाई, अक्का," एवढंच म्हणाले. "पण मला इचारू नका."

पोलिसांना बोलवीन अशी धमकी देऊन मी दुकानात परत आले. आप्पांनाच सांगते, त्यांचा लाडका आहे ना, म्हणून त्यांना फोन लावला. आप्पा घरी नव्हते. दरवर्षी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ते एकटेच एस्टीनं कुठंतरी देवाला जातात. कुठं, ते सांगत नाहीत. परळीला नाहीतर औंढ्याला जात असतील, असं आम्ही धरून चाललेलो. फोन वाजला तो गल्ल्याच्या ड्रॉवरमध्येच. फोन ठेवूनच गेले होते.

मलप्पा माझ्या मागोमाग दारापर्यंत आले होते. ड्रॉवरमध्ये फोन वाजत होता आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला, गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगावर. चेहरा असा झाला होता की जणू आप्पाच आतून हाक मारतायत. मी त्यांच्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि मला एकदम कळलं. हे आधीच का कळलं नाही म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"आप्पांनी दिली ना ती पोती? कुठल्या तरी देवळाला?"

मलप्पा उंबऱ्यावर खाली बसले. "गुप्तदान हाय, अक्का. तीस वर्सं झाली. आदल्या रोजी पहाटे पोती मी टाकून येतो, मागून आप्पा जातेत. कुणाचं हाय ते त्या गावालाबी ठावं न्हाई, घरालाबी न्हाई. पैल्या साली आप्पांनी माझा हात लिंगावर ठिवून शब्द घेतलाय. देणाऱ्याचं नाव फुटलं की दिलेलं समदं मातीत जातंय. एका सालाचं न्हाई, तीस सालाचं."

"आणि माणसं मातीत गेली मग?"

"देवाला दिलेलं खराब कसं व्हईल?" त्यांनी हे मला खरंच विचारलं, वाद घालायला नाही.

"बुरशीला देव कळत न्हाई, मामा!"

"आप्पांना इचारल्याबिगर मी गाव सांगू शकत न्हाई."

"आणि तुम्ही गाव सांगितल्याबिगर मी आप्पांना इचारू कशी?"

बिचारे मलप्पा दोन्ही हातांनी डोकं धरून बसले. त्यांची हालत मला दिसत होती, तरी एकदा वाटलं, गदागदा हलवून गाव बाहेर काढावं. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. पाच पोती म्हणजे दीडशे किलो. हजाराच्या वर माणूस त्यावर फराळ करतं. त्यात लेकरं असणार, म्हाताऱ्या असणार, आणि आप्पाही असणार.

मी परत कॉम्प्युटरसमोर बसले. त्या पाच पोत्यांना रेघ नव्हती, कारण बिल नव्हतं, आणि तो माझाच नियम. आता आदळआपट करून काय होणार? मग मनाशी म्हटलं, मंजुषा, पोती सोड. पातेलं बघ. हजार माणसांचा फराळ करणारं गाव नुसती भगर शिजवत नाही. भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी लागतेच. भगर फुकट येऊन पडत असेल, पण शेंगदाणे कुणीतरी विकत घेत असणार. आणि त्याचं बिल असणार.

चार वर्षांच्या शिवरात्रीच्या आठवड्यांतली बिलं काढली. ज्या दुकानानं शेंगदाणे उचलले, त्यानं भगरही उचललेली असायची. कुणी थोडी, कुणी जास्त, पण जोडी ठरलेली. मला हवा होता जोडी मोडणारा टिपका, शेंगदाणे भरपूर आणि भगर शून्य. यादी लावली. एकही दुकान नाही. पुन्हा लावली. नाही.  असं दुकान असणारच, मग दिसत का नाही?

तेव्हा आठवलं. मी जाळ्याची साफसफाई करते. कुठला आकडा वेडावाकडा वाटला की 'चुकीची नोंद' म्हणून बाजूला काढून ठेवते. ती बाजूला काढलेली फाइल उघडली. चाळीसेक नोंदी होत्या आणि त्यांत एकाच दुकानाच्या चार, चारही वर्षं शिवरात्रीच्या आधीच्या. दोन पोती शेंगदाणे. भगर नाही, साबुदाणा नाही. मागच्या वर्षी त्याला बघून मी हसले होते, हा येडा उपवासाला नुसते दाणे विकतो का काय म्हणून, आणि उचलून बाजूला फेकला होता.

देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला चिकटलेलं गाव. नाव मी सांगत नाही, त्यांची बदनामी नको. दुकानदार व्यंकटराव.

मी दारात गेले. "मामा, तुम्ही काय बोलू नका. नाव मी घेते." आणि मी गावाचं नाव घेतलं.

मलप्पा व्हय म्हणाले नाहीत, न्हाई म्हणाले नाहीत. उठले, खिळ्यावरची पिकअपची किल्ली काढली आणि म्हणाले, "बसा, अक्का."

निघालो तेव्हा पावणेदोन झाले होते. लातूरहून ते गाव सव्वाशे किलोमीटर, आणि उदगीरचा रस्ता. तीनच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. पण हातावर हात ठेवून दुकानात बसणं त्याहून कठीण होतं. वाटेत मी फोन लावत राहिले. देगलूरच्या पोलिसांना सांगितलं. गावात चौकी नाही, बंदोबस्ताची माणसं यात्रेत अडकलेली, तरी एकाला मोटरसायकलवर लगेच पाठवतो म्हणाले. दवाखान्यात कळवलं. व्यंकटरावचा नंबर मात्र लागेना. एकदा तेलुगूत बाई बोलायची, एकदा मराठीत, दोघींचं म्हणणं एकच, की हा माणूस आवाक्याबाहेर आहे. सव्वादोन झाले, अडीच झाले. मलप्पा ट्रकांच्या मधून पिकअप अशी काढत होते की एरवी मी त्यांना झापलं असतं.

दोन चाळीसला फोन लागला. मागं टाळ, भोंगा आणि माणसांचा कालवा.

"व्यंकटराव, मी लातूरहून मंजुषा बोलते, मोंढ्यातलं दुकान. तुमच्या देवळात जी भगर शिजली ती खराब हाय. वाढू नका. कुणाला खाऊ देऊ नका."

"काय म्हन्ता? ऐकू येईना."

"भगर वाढू नका! विषारी हाय!"

"आवो बाई, पैली पंगत उठली की. दुसरी बसून राहिली."

 "थांबवा. आत्ता थांबवा."

"कुणाच्या सांगण्यावरनं?" तो चिडला होता, आणि त्याचंही चुकत नव्हतं. "तुमच्याकडनं तर मी भगर घेतच न्हाई. दर साली देवळाच्या ओसरीवर पोती येऊन पडतेत, देवानं धाडल्यागत. तीस सालात कुणाचं पोट दुखलं न्हाई. हजार माणूस पानावर बसलंय आणि एका फोनवर देवाचं अन्न उकिरड्यावर टाकायला सांगू? मला मारतील बाई हितं."

"मी सांगते ते खरं हाय हो! हिमायतनगरला बावीस माणसं..."

"तुमी हिमायतनगरचं हिमायतनगरला बघा."

तो फोन ठेवणार होता. त्याला तिथल्या तिथं पटेल असं माझ्याकडं काहीच नव्हतं. ओसरीवर पोती कुणी टाकली हे सांगितलं असतं तरी त्यानं का ऐकावं? तिथं आप्पा होते. पण हजार माणसांत एक म्हातारा शोधायचा कसा, त्यांना तिथं कुणी नावानं ओळखत नाही. माझ्या जाळ्यानं मला गावापर्यंत आणलं होतं. तिथून पुढं त्याला काही दिसत नव्हतं.

मी मलप्पांकडं बघितलं. काही मागितलं नाही. मागायला तोंडच राहिलं नव्हतं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. माझ्या हातातला फोन घेतला, आणि डावा हात छातीवर दाबून बोलले. "व्यंकटराव, उष्ट्या पत्रावळ्या उचलणारा एक म्हातारा असंल तितं. धोतर, उघडं अंग, डाव्या कानाला कापलेलं. दर साली उचलतोय. त्यो. त्याचीच भगर हाय. त्याला बोलवा, जल्दी बोलवा." फोन माझ्या हातात देऊन ते समोरच्या काचेतून बघत बसले. 

व्यंकटराव म्हणाला, "त्यो पत्रावळीवाला?" आणि पळत सुटल्याचा आवाज आला.

दोन मिनिटं गेली असतील. ती संपता संपेनात. मग आप्पांचा आवाज आला. "कोण?"

"आप्पा, मंजुषा. सतराची भगर खराब निघाली. हिमायतनगरात माणसं दवाखान्यात हायत. तुमची पाच पोती त्याच लॉटची."

आप्पांनी मला गाव कुठून कळलं, मलप्पा बोलला का, काही विचारलं नाही. फोन तसाच चालू राहिला. कालवा जवळ आला, कुणीतरी "ओ बाबा, तिकडं कुठं?" म्हणालं, भोंग्यानं एक शिट्टी मारली आणि भजन मधेच तुटलं.

"ऐका. हात थांबवा, घास घेऊ नका." भोंग्यातून आमच्या आप्पांचा आवाज. "मी लातूरचा उमाशंकर. मोंढ्यात माझं दुकान हाय. ही भगर म्या दिली. दर साली म्याच देतो. औंदाची खराब निघाली. पानावरनं उठा."

कुणी ओरडलं, "ए, पत्रावळ्यावाल्याला चढली का काय! उतरवा त्याला खाली!" हसण्याचा आवाज आला. मग ढकलाढकल. आप्पांनी पुन्हा तेच सांगितलं, नाव, गाव, दुकान, सगळं. तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना त्यांचा आवाज चिरकला. "तीस वर्सं मी नाव सांगितलं न्हाई. आज देवासमोर उभं राहून सांगायलोय, ते खोटं असंल का? पैल्या पंगतीची माणसं कुठं हायत? ट्रॅक्टर काढा, दवाखान्यात चला!"

मग हसणं थांबलं. कुणाची तरी आई लेकराला हाका मारायला लागली. पितळी पातेलं उलटल्याचा आवाज आला, आणि एक, आणि एक.  मी ढसाढसा रडले, लाजबीज काही वाटली नाही.

"मामा," मी म्हणाले, "मी तुम्हाला चोर म्हणले. समद्यांसमोर म्हणले. माझं चुकलं."

"त्याचं काय न्हाई, अक्का." त्यांनी गाडी चालू केली. "माझा शब्द गेला."

 

देगलूरच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. पहिल्या पंगतीला एकशे दहा माणसं जेवली होती, त्यातल्या एक्केचाळीस जणांना त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणली, सगळी उठतील. आणि खरंच उठली. तिसऱ्या दिवशी शेवटचा माणूस घरी गेला. हिमायतनगरचीही सगळी बरी झाली. दुसरी पंगत उठली नसती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी केला नाही आणि करणारही नाही.

खाटा कमी पडल्या होत्या, काही जण व्हरांड्यात चादरीवर होते. आप्पा एकेकाजवळ जाऊन थांबत होते. धोतरावर आमटीचे डाग, पाय धुळीनं भरलेले. प्रत्येकाला हात जोडून तेच सांगत होते. "मी उमाशंकर. लातूरचा. भगर माझी व्हती." काहींनी तोंड फिरवलं. एका तरण्या माणसाचं लेकरू सलाईनवर होतं, त्यानं आप्पांना आईवरून शिव्या दिल्या. आप्पा त्याच्या शिव्या संपेपर्यंत उभे राहिले, मग पुढच्या खाटेपाशी गेले. मी मध्ये पडायला निघाले होते, पण मलप्पांनी माझा हात धरला.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती, पंच्याहत्तरीच्या पुढची. नर्स तिला केवळाबाई म्हणत होती. आप्पांनी तिलाही सांगितलं. तिनं बराच वेळ त्यांच्याकडं निरखून बघितलं.

"पत्रावळ्या उचलतोस त्यो तूच न्हवं?"

"व्हय."

"आन् भगरबी तूच देतोस?"

"व्हय, बाई. खराब निघाली. माझं चुकलं."

तिला धाप लागली होती. "दर साली जेवून उठताना म्या हात जोडते. म्हन्ते, म्हादेवा, देणाऱ्याचं नाव मला ठावं न्हाई, तुला ठावं असंल. त्याच्या घरच्यास्नी सुखात ठेव." मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "ही कोण, लेक का?"

"सून," आप्पा म्हणाले.

"मग सुखात हायस का गं, बाय?"

आप्पा तिथंच फरशीवर बसले आणि लहान लेकरागत रडायला लागले.  मी व्हय म्हणून मान हलवली आणि तिच्या खाटेपाशी जाऊन बसले.